उंदीर मारून कुंडी स्वच्छ होत नाही

नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवती काय, हॉटेले, खाणावळी, मेस आणि बिर्याणीची दुकाने रात्री उशिरा बंद होतात. भांडी घासली जातात, ओटे पुसले जातात आणि दिवसभराचे उष्टे-खरकटे मागच्या दाराने बाहेर पडून जवळच्या कंटेनरमध्ये, पुष्कळदा कंटेनरच्या शेजारीच, जाऊन पडते. ते उचलणारी गाडी येते सकाळी. मधल्या सात-आठ तासांत त्या ठिकाणी उंदीर, घुशी, झुरळे, डुकरे आणि मोकाट कुत्री जेवून जातात. उजाडल्यावर माश्यांची पाळी येते. मग तक्रारी होतात आणि ठरलेले उपाय सुरू होतात: उंदरांचे औषध टाका, पावडर मारा, धूर सोडा, कुत्री उचला. हे सगळे उपाय चुकीच्या टोकापासून सुरू होतात, असे माझे ठाम म्हणणे आहे. कुंडीभोवतीचे प्राणी हा मूळ आजार नाही. ओला कचरा उघडा, ओला आणि फार वेळ पडून राहतो, हा मूळ आजार आहे. तो कचरा झाकला, निथळून कोरडा केला आणि वेळेत उचलला तर प्राणी आपोआप घटतात. तसे केले नाही तर कितीही विष टाकले तरी ते पुन्हा येतात.

अन्न आणि उंदीर यांचा हा संबंध मराठवाड्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात गाठींच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. रुग्ण आढळण्यापूर्वी गावात उंदीर मरून पडत होते आणि पिसवांचा त्रास वाढला होता. याचे जे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले ते आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे. धक्क्यांच्या भीतीने लोकांनी घरे सोडली, साठवलेले धान्य मागे राहिले, राखणीला कोणी नाही, आणि त्या धान्यावर उंदरांची संख्या भराभर वाढली. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, १८९६ मध्ये, मुंबईत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तोही मांडवीत, म्हणजे धान्याच्या गोदामांच्या वस्तीत. दोन्ही ठिकाणी उंदीर आकाशातून पडले नव्हते. त्यांना बिनराखणीचे अन्न सापडले होते. आज आपल्या शहरांत प्लेग नाही, आणि त्याची भीती दाखवून कोणाला घाबरवण्याचा हेतूही नाही. पण राखण नसलेले अन्न म्हणजे उंदरांची वाढ, हा नियम मामल्याच्या ओसाड घराला जसा लागू होता तसाच नव्या मोंढ्यातल्या सांडलेल्या धान्याला आणि ट्यूशनच्या पोरांच्या मेसमागच्या कंटेनरलाही लागू आहे.

या नियमामागचे गणित साधे आहे. उंदीर दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके खातो. दोनशे ग्रॅमच्या उंदराला वीस ग्रॅम पुरतात, म्हणजे किलोभर शिळ्या पोळ्यांवर पन्नासेक उंदरांची एक रात्र निघते. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेतात सहा-आठ पिल्ले देते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. ही वाढ अमर्याद का होत नाही? कारण अन्न, पाणी आणि बिळाची जागा मर्यादित असते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतल्या उंदरांचा अभ्यास केला. तिथे आधी विषाची मोहीम झाली होती आणि उंदीर मोठ्या प्रमाणावर मेलेही होते. पण मागे उरलेल्यांना अन्न पूर्वीइतकेच आणि वाटेकरी कमी, अशी स्थिती झाली. ते अधिक वेगाने वाढले आणि काही महिन्यांत संख्या मूळ पदावर आली. संख्या घटून तशीच राहिली ती फक्त जिथे कचरा झाकला गेला आणि लपायच्या जागा बुजवल्या गेल्या तिथे. उंदीर किती असावेत हे विष ठरवत नाही, कचरा ठरवतो, हा त्या अभ्यासाचा धडा आहे. 

माशीची गोष्ट वेगळी आहे, पण निष्कर्ष तोच. घरमाशी ओल्या, कुजत्या पदार्थावर एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि असे ती आयुष्यात अनेकदा करते. उबदार हवेत अंडी दिवसाच्या आत फुटतात. अळी चार ते सात दिवस त्या ओल्यातच वाढते, मग तो पदार्थ सोडून शेजारच्या कोरड्या मातीत किंवा फटीत शिरते आणि कोष करते. आणखी चार-सहा दिवसांत माशी बाहेर येते. म्हणजे कचरा अळीच्या वयात असतानाच उचलला गेला तर एक अख्खी पिढी गाडीत बसून निघून जाते. पण कंटेनर रिकामा करताना तळाला चिकटलेला चार बोटे चिखल तसाच राहिला, किंवा भोवतीची माती खरकट्याने भिजलेली राहिली, तर गाडी रोज येऊनही माश्या कमी होत नाहीत. गाडी रोज येते तरी माश्या कशा, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी कुंडीचा तळ पाहावा, उत्तर तिथे वळवळत असते. मे महिन्याच्या कडक उन्हात माशी थोडी मंदावते. मृगाचा पाऊस पडला, आंब्याच्या साली-कोयी कुजू लागल्या आणि हवा दमट झाली की ती उसळते. माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या कुंडीतली माशी हॉटेलच्या वाटीवर बसणारच. हा केवळ किळसेचा प्रश्न नाही. पाकिस्तानातल्या खेड्यांत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माश्यांचे नियंत्रण केल्यावर लहान मुलांमधले जुलाब २३ टक्क्यांनी घटले होते.

बाकीच्या पाहुण्यांचे थोडक्यात सांगता येईल. गटारातले मोठे झुरळ रात्री ओलाव्याच्या वासाने वर येते. अर्धापूरच्या केळ्यांचे सडके घड जिथे टाकले जातात तिथे चिलटांचे ढग जमतात. कंटेनरशेजारी पडलेल्या नारळाच्या करवंट्या, टायर आणि प्लास्टिकचे पेले पावसाचे पाणी धरतात आणि आठवड्याभरात त्यातून डेंग्यूचा डास तयार होतो. त्यासाठीच ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. कुत्री, डुकरे आणि गुरे यांचे नुकसान दुहेरी आहे. ती स्वतः खातातच, पण पिशव्या फाडून, कचरा पसरून बाकी सगळ्यांसाठी पंगत मांडून जातात. म्हणून कुंडीभोवतीच्या प्राण्यांशी एकेक करून लढणे व्यर्थ आहे. ते सगळे एकाच ताटावर जेवतात, आणि ते ताट उचलणे आपल्या हातात आहे.

ते उचलायचे कसे? पहिले काम स्वयंपाकघरातच होते. उरलेली आमटी, रस्सा, ताक, भिजलेला भात हे सगळे एका पिशवीत भरून गाठ मारली की पिशवी फुटणार आणि पाणी गळणार. तेच खरकटे मोरीशेजारी छिद्रांच्या डब्यात अर्धा तास निथळू दिले तर वजन घटते, वास घटतो आणि कुंडीतून गळणारा काळा पाट थांबतो. तळणीचे वापरलेले तेल कुंडीत कधीच जाऊ नये. तेलाचा वास उंदराला दुरून खेचतो, आणि असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्येच सुरू केली आहे. मटण-चिकनच्या दुकानांतला कचरा वेगळ्या, घट्ट झाकणाच्या पिंपात राहून थेट वेगळ्या गाडीत गेला पाहिजे. दुसरे काम झाकणाचे. झाकण आहे आणि झाकण लागते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुंडी काठोकाठ भरली की झाकण उघडेच राहते, म्हणून लागेल त्याहून थोडी मोठी कुंडी घ्यावी. तळाशी पाणी सोडायचे भोक असते, त्याचे बूच हरवले की तेच उंदराचे दार होते. अर्ध्या इंचाची फट लहान उंदराला पुरते. फुटके प्लास्टिक आणि गंजलेला पत्रा तसाच वापरणे म्हणजे झाकण असून नसल्यासारखे. तिसरे काम जागेचे. कुंडी मातीवर नको, फरशीच्या किंवा सिमेंटच्या पक्क्या ओट्यावर हवी, म्हणजे खालून घुशीला बीळ करता येत नाही आणि अळीला कोषासाठी माती मिळत नाही. भिंतीपासून ती हातभर दूर असावी, म्हणजे मागे झाडता येते आणि नवे बीळ दिसते. स्वयंपाकघराच्या दारापासून ती जितकी लांब तितके बरे. दिवा कुंडीच्या डोक्यावर लावला तर किडे तिथेच गोळा होतात, म्हणून तो बाजूला लावून उजेड कुंडीवर पाडावा.

यापुढचे काम वेळेचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. उंदीर रात्री खातो. म्हणून खरकट्याने रस्त्यावर रात्र काढता कामा नये. जिथे हॉटेले दाटीने आहेत तिथे गाडीची एक फेरी दुकाने मिटतानाच व्हावी. ती शक्य नसेल तोवर हॉटेलवाल्याने रात्रभर कचरा आपल्याच जागेत, बंद पिंपात ठेवावा आणि सकाळी गाडी आल्यावर तिच्यातच टाकावा. या एका बदलाने उंदराच्या तोंडचा घास जातो. माशीसाठी दुसरा हिशेब आहे: कुंडीचा तळ आठवड्यातून किमान दोनदा खरवडला गेला पाहिजे, कारण अळीला चार दिवसांच्या वर सवड द्यायची नाही. सणावारांचा विचार आधी करावा लागतो. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला नांदेडात देशभरातून यात्रेकरू येतात. महाशिवरात्रीला लातूरची सिद्धेश्वर यात्रा भरते. त्या दिवसांत आसपासच्या हॉटेलांचा कचरा कित्येक पटींनी वाढतो. नेहमीच्याच फेऱ्या ठेवल्या तर एका आठवड्यात जन्मलेल्या माश्या आणि सोकावलेले उंदीर पुढे महिनाभर निस्तरावे लागतात.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: विष स्वस्त आहे, लगेच परिणाम दिसतो, मग एवढा खटाटोप कशाला? परिणाम दिसतो हे खरे. पण झिंक फॉस्फाइड एकदा अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांनी तो चार-पाच दिवसांनी मरतो, तोही बहुधा भिंतीत किंवा गटारात, आणि त्याला खाणारे मांजर किंवा गव्हाणी घुबड, म्हणजे उंदरांचे खरे शत्रू, त्यांच्यावरही विषाचा घाला पडतो. शिवाय ज्या कुंडीत ताजे खरकटे मुबलक आहे तिथे उंदीर विषाच्या वडीकडे वळेलच कशाला? धुराचेही तसेच. धुराने उडत्या माश्या मरतात, पण अंडी, अळ्या आणि कोष खाली सुरक्षित राहतात. घरमाशीने डीडीटीला दाद देणे १९४० च्या दशकातच सोडले होते. विषाला माझा विरोध नाही. कुंडी झाकली, बिळे बुजवली आणि तरी काही उंदीर उरले, तर जाणत्या माणसाच्या हातून बंद आमिषपेटीत विष ठेवावे. भुकेल्या उंदरावर ते कामही चांगले करते. पण विषाने सुरुवात करणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे आहे. धान्याच्या गोदामांत वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर कुंडीजवळ किंवा दुकानाच्या बिळांत कोणी टाकूच नयेत. त्यांच्या वायूने शेजारच्या खोलीत झोपलेली माणसेही मरू शकतात.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: कुंड्याच काढून टाका, कचरा घंटागाडीतच द्या. घरांच्या बाबतीत हे धोरण योग्य आहे. लातूरमध्ये जनाधार सेवाभावी संस्थेने कचरा वेचणाऱ्यांना सोबत घेऊन घरोघरच्या संकलनाचे जे काम केले, त्यातून हे करता येते हे दिसले आहे. पण व्यापारी कचऱ्याचा वेळ आणि आकार वेगळा असतो. सकाळी आलेल्या घंटागाडीला रात्रीचे शंभर ताटांचे खरकटे द्यायचे तर ते मधल्या वेळात कुठेतरी ठेवावे लागणारच. तशी जागा ठरवून दिली नाही तर कुंडी गेली तरी उकिरडा जात नाही. तो शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर किंवा नाल्याच्या काठावर सरकतो, आणि तिथे ना झाकण असते ना मुकादमाची नजर. म्हणून सार्वजनिक उघडा कंटेनर काढायचा असेल तर त्याच दिवशी प्रत्येक हॉटेलच्या आवारात बंद पिंप आणि त्यासाठी ठरलेली फेरी, ही जोडी आली पाहिजे.

तिसरा आक्षेप लातूरकरांच्या तोंडी शोभतो. जिथे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे कुंड्या धुवायला पाणी कुठून आणायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कोरड्या सफाईत आहे. किडीला हवा असतो तो ओलावा. त्यामुळे पाण्याच्या फवाऱ्यापेक्षा खराटा, खरवडणी आणि लाकडाचा भुसा हे कुंडीसाठी अधिक चांगले. तळाला भुसा किंवा सुकी पाने पसरली की ती पाणी शोषतात आणि कचरा सांडताना तळ चिकटत नाही. खरवडल्यावर चुन्याची फक्की मारली की वास आणि ओल दोन्ही घटतात. आठवड्यातून एखादे वेळी धुवायचे तर भाजी धुतलेले पाणीही चालते. फक्त ते गटारात जावे, कुंडीखाली साचू नये. उलट दुष्काळात हे काम जास्त निकडीचे होते. सगळीकडे कोरडे पडलेले असते तेव्हा हॉटेलमागची गळकी तोटी हीच उंदीर आणि कुत्र्यांची पाणवठ्याची जागा बनते. ती तोटी दुरुस्त केली की पाणी वाचते आणि कीडही घटते.

चौथा आक्षेप मनाला लागणारा आहे. कुंडीवर गाय जगते, कुत्रे जगते, आणि कचरा वेचणारी बाईही जगते. झाकण लावून या सगळ्यांच्या पोटावर पाय द्यायचा का? जनावरांपुरते बोलायचे तर कुंडीवर चरणारी गाय खरकट्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्याही गिळते आणि त्या तिच्या पोटात साठून राहतात. ज्याला गोग्रास द्यायचा आहे त्याने ताजी पोळी, भाजीचे देठ वेगळ्या टोपलीत काढून गोशाळेकडे द्यावेत. कचऱ्यातला घास हे पुण्य नव्हे. वेचकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्यांना आज सुका माल मिळवण्यासाठी कुजलेल्या अन्नात, फुटलेल्या काचेत आणि उंदरांच्या मुतात हात घालावा लागतो. ओला-सुका वेगळा ठेवून सुका कचरा त्यांच्या हाती कोरडा, स्वच्छ दिला तर त्यांची कमाई घटत नाही, वाढते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही हॉटेलांना कचरा वेगळा करून पुनर्वापराचा माल अधिकृत वेचकांकडे देण्यास सांगितले होते. झाकण वेचकांच्या विरोधात नाही; वर्गीकरण न करता लावलेले झाकण त्यांच्या विरोधात आहे.

शेवटचा प्रश्न जबाबदारीचा. हॉटेलवाला म्हणतो, कर भरतो, कचरा महापालिकेने पाहावा. महापालिका म्हणते, कर्मचारी अपुरे आहेत, लोकांना शिस्त नाही. कायद्याचा रोख मात्र स्पष्ट राहिला आहे: दिवसाला सरासरी शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्याला मोठा उत्पादक मानून त्याच्यावर जास्त जबाबदारी टाकली गेली, आणि छोट्या दुकानालाही वर्गीकरणातून सूट मिळाली नाही. दोन्ही बाजू एकदम हलल्या तर काय होते ते सुरतेने दाखवले. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली, लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव आले. अधिकाऱ्यांनी रोज रस्त्यावर उतरायचे, कचरा ठरलेल्या वेळी उचलायचा आणि अस्वच्छ हॉटेल कितीही मोठ्या माणसाचे असले तरी कारवाई करायची, असे त्यांनी ठरवले आणि पाळले. एकेकाळी घाणीसाठी ओळखली जाणारी सुरत थोड्याच काळात देशातल्या स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली. तिथे उंदरांची जात बदलली नव्हती, कचऱ्याची वेळ बदलली होती.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या महापालिकांनी, हॉटेल संघटनांनी आणि मोंढ्यातल्या आडत्यांनी एक गोष्ट आधी करावी: मोजमाप बदलावे. किती उंदीर मारले, किती किलो पावडर वापरली, किती प्रभागांत धूर सोडला, हे आकडे अहवालात चांगले दिसतात, पण त्यावरून शहराची प्रकृती कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक बाजारपेठेत ओला कचरा स्वयंपाकघरातून निघाल्यापासून गाडीत पडेपर्यंत किती तास रस्त्यावर राहिला आणि कुंडीचा तळ शेवटचा कधी खरवडला, या दोन नोंदी ठेवाव्यात आणि त्या कंटेनरवरच लिहाव्यात. त्या वाचायला तज्ज्ञ लागत नाही. पहाटे त्याच कंटेनरमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगाराला, समोरच्या मेसमध्ये जेवणाऱ्या विद्यार्थ्याला आणि गल्ल्यावर बसलेल्या हॉटेलमालकाला त्या सारख्याच कळतील. तास कमी होत गेले की उंदीर-माश्या कमी होत जातील. त्यात दैवाचा भाग काही नाही, आपल्या शिस्तीचा आहे.